दर्शनी भाग, पण कुणासाठी?

ब्रिटिश ‘एन’ मापात, म्हणजे १:१४८ मध्ये, ६ मीटरची भिंत जेमतेम ४ सेंटिमीटरची होते. मॉडेल रेल्वेच्या मागच्या कडेला जागा कमी, म्हणून इमारतीचा फक्त दर्शनी भाग, बोटभर जाडीचा, उभा करतात. इथपर्यंत ठीक. पण दर्शनी कुणासाठी? बहुतेक जण सजलेली दुकानं रुळांकडे तोंड करून मांडतात. आता बघा, इंग्लंडच्या गावांत गाडी बहुधा घरांच्या मागून जाते: परसदार, सांडपाण्याचे नळ, वाळत घातलेले कपडे. घराचं तोंड रस्त्याकडे, रेल्वेकडे पाठ. आपल्याला आवडतं ते आणि तिथून दिसेल ते, यांत गल्लत नको. मागची बाजूच निवडा. दुकानाच्या पाटीवर नजर अडकली, की गाडी निसटते. आणि सगळा खटाटोप तर गाडीसाठीच ना?