सातपूरचा निवासप्रश्न आणि विकास नियंत्रण नियमावली : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
औद्योगिक नगरातील निवासाचा प्रश्न केवळ घरांच्या संख्येशी निगडित नसतो; कोणत्या जमिनीवर किती बांधकाम करता येईल, हे ठरविणाऱ्या नियमांशीही त्याचा निकटचा संबंध असतो. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने सातपूर येथे औद्योगिक वसाहत उभारली. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि लगतची खेडी यांची मिळून नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १४.८६ लाख व क्षेत्र सुमारे २५९ चौ. कि.मी. होते, म्हणजेच घनता दर चौ. कि.मी.स सहा हजारांहूनही कमी. जमीन एवढी उपलब्ध असताना कामगाराला घर का मिळत नाही, या प्रश्नाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

रस्त्याची रुंदी व बांधकामाचा हक्क :
डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने दाट वस्तीबाहेरील निवासी भूखंडांसाठी मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.१ ठरविला. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर अधिमूल्य भरून अथवा हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर) वापरून त्यात भर घालता येत नाही. नऊ मीटर रस्त्यावर हीच मर्यादा २.० पर्यंत, तर तीस मीटर रस्त्यावर ३.० पर्यंत जाते. म्हणजे संलग्न क्षेत्र वगळता १०० चौ. मी. भूखंडावर गल्लीत ११०, तर हमरस्त्यावर ३०० चौ. मी. बांधकाम होऊ शकते.

अग्निशमन, जलनिःसारण व वाहतूक यांचा विचार करता हा नियम निराधार नाही. तथापि अल्प उत्पन्न गटाच्या जुन्या अभिन्यासांतील रस्ते बहुधा सहा वा साडेसात मीटरचेच असल्याने त्याचा भार त्यांच्यावरच पडतो. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० अन्वये असे रस्ते नऊ मीटर करण्याचा मार्ग नाशिकमध्ये पुढे आला. परंतु सहा मीटरचा रस्ता नऊ मीटर करताना प्रत्येक बाजूने दीड मीटर जमीन सोडावी लागते. बारा मीटर खोलीच्या भूखंडाचा हा आठवा हिस्सा होय. रिकाम्या भूखंडास हे साध्य आहे, उभ्या घरास नाही.

नियमबाह्य वाढ :
मनाई केल्याने गरज संपत नाही. सातपूरलगत सिडकोने सहा योजनांत वसविलेल्या नवीन नाशिकमध्ये कुटुंबे वाढली तशी छोट्या घरांवर मजले चढत गेले. २०१८ मध्ये महापालिकेने या वाढीव बांधकामांवर कारवाईचा प्रयत्न केला, तेव्हा रहिवाशांनी तीव्र विरोध केला. शहरभर गाजलेल्या ‘कपाट’ प्रकरणातही कपाटांचे क्षेत्र निर्देशांकात धरल्यामुळे अनेक इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले रखडले. शहराची घनता वाढतेच. मात्र ती कायद्याच्या संरक्षणाबाहेर वाढते.

सर्वसमावेशक गृहनिर्माणाची मर्यादा :
२०१३ च्या तरतुदीनुसार दहा लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांत चार हजार चौ. मी. व त्याहून मोठ्या भूखंडांवरील वीस टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी राखून ठेवावयाची आहेत. या घरांचे ‘म्हाडा’कडे हस्तांतरण न झाल्याचा विषय २०२२ मध्ये विधिमंडळात गाजला, भूखंडांचे तुकडे पाडून मर्यादा टाळल्याचे आरोपही झाले. जी तरतूद केवळ मोठ्या भूखंडास लागू होते, तिच्यात भूखंड लहान दाखविण्याचा मोह अंगभूतच असतो. शिवाय हे धोरण मालकीच्या घरापुरतेच सीमित आहे. कंत्राटी कामगार बहुधा भाड्याच्या खोलीत राहतो. त्याची दखल त्यात नाही.

निष्कर्ष :
अमेरिकेतील मिनीआपोलिस नगराने २०१८ मध्ये संमत केलेल्या आराखड्यात एका कुटुंबाच्या निवासी भूखंडावर तीन घरांपर्यंत परवानगी दिली. तेथील परिस्थिती भिन्न असली, तरी थोडी घनता सर्वत्र वाटून देण्याचे तत्त्व विचारार्ह आहे. अरुंद रस्त्यावरील लहान भूखंडांना अग्निसुरक्षा व मलवाहिनीच्या अटींवर एका वाढीव मजल्याची परवानगी द्यावी आणि त्या मजल्यावरील भाड्याच्या खोलीस नियमित निवासाचा दर्जा द्यावा. अन्यथा हमरस्त्यावर उंच इमारती आणि गल्लीत बेकायदा मजले, ही विषमता धोरणातूनच जोपासली जाईल.