‘८५ ते १०० टक्के प्रजाती टिकतात’ म्हणजे नक्की काय टिकतं?

उष्ण कटिबंधातल्या निवडक वृक्षतोडीवर काहीही वाचायला घ्या, फ्रान्सिस पुट्झ आणि सहकाऱ्यांचा २०१२चा शोधनिबंध तुम्हाला भेटणारच. शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून ते सांगतात, की जंगलातली मोजकी मोठी झाडं एकदा तोडून नेली तरी ७६ टक्के कार्बन आणि ८५ ते १०० टक्के प्रजाती शिल्लक राहतात. मुख्य मुद्दा मला पटतो. असं जंगल ‘वाया गेलं’ म्हणून तिथे तेलताड लावणं हा शुद्ध गाढवपणा आहे.

पण ‘शिल्लक’ या शब्दाशी माझं भांडण आहे. प्राणी दिसला की तो टिकला. किती उरलेत, वाढतायत का घटतायत, हे त्या टक्क्यांत येतच नाही.

युगांडातलं किबाले बघा. १९६०च्या दशकाच्या शेवटी तिथे तोड झाली. के-१५ या भागातून हेक्टरी साधारण २१ घनमीटर लाकूड गेलं, म्हणजे जेमतेम सात-आठ झाडं. पण ती पडताना आणि ओढून नेताना आजूबाजूची इतकी मोडली, की जवळपास निम्मी झाडं गेली. वरून ऊन आलं. आता रोपं तरारतील ना? पुस्तकात तरारतात. इथे अकॅन्थसची काटेरी जाळी माजली, हत्ती तिथे जास्त यायला लागले, आणि डोकं वर काढणारी रोपं त्यांनी मोडली. थॉमस स्ट्रुसेकर यांनी हे वर्षानुवर्षं तिथे राहून नोंदवलं.

माकडांचं काय झालं? कॉलिन चॅपमन आणि सहकाऱ्यांनी २००० साली २८ वर्षांची तुलना छापली. काळ्या-पांढऱ्या कोलोबसचं तोडलेल्या भागात बरं चाललं होतं. लाल शेपटीची आणि निळी माकडं मात्र जास्त तोडलेल्या भागात इतक्या वर्षांनीही घटतच होती. नुसत्या हजेरीच्या हिशेबात तिघंही पास!

बुरिवालोवा आणि सहकाऱ्यांचा २०१४चा निबंध मला जास्त प्रामाणिक वाटतो, कारण तो ‘तोड किती?’ असं विचारतो. त्यांच्या मते हेक्टरी ३८ घनमीटरला सस्तन प्रजाती निम्म्यावर येतात. गंमत म्हणजे के-१५ त्याच्या बरंच खाली होतं. तेव्हा नुसते घनमीटर मोजूनही भागत नाही.

पुट्झ यांच्याच निबंधात आणखी एक आकडा आहे: पहिल्या तोडीनंतर लाकूड साधारण ४६ टक्क्यांनी कमी मिळतं, मग तेवढंच मिळत राहतं. ‘मिळत राहतं’ हे, के-१५ची रोपं आठवली की, मला फार धाडसाचं वाटतं.