कांगारू उंदीर आणि अधिवासाचा प्रश्न : एक चिकित्सा

वाळवंटी उंदरांवरील बरेचसे लेखन कोणती प्रजाती कोठे व किती आढळते, एवढ्यावरच थांबते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात पोर्टल येथे जेम्स ब्राउन यांनी १९७७ साली सुरू केलेला प्रयोग या मर्यादेपलीकडे गेला, हे त्याचे मोठे श्रेय होय. प्रत्येकी पाव हेक्टरचे २४ भूखंड कुंपणाने बंदिस्त केले गेले. काहींच्या कुंपणांना इतकी लहान छिद्रे ठेवली की, छोटे उंदीर ये-जा करीत. आकाराने मोठ्या कांगारू उंदरांना मात्र मज्जाव होता. कांगारू उंदरांच्या तीन प्रजाती वगळल्यावर १२ वर्षांत झुडुपांच्या प्रदेशात उंच गवत माजले, असे ब्राउन व हेस्के यांनी १९९० मध्ये दाखविले. मोठ्या बिया निवडून खाणारा व माती उकरणारा हा प्राणी अधिवास नुसता वापरीत नाही, तो घडवितो. म्हणूनच या गटास त्यांनी ‘कळीचा’ म्हटले.

हे बिरुद मात्र सावधपणे स्वीकारावयास हवे. अर्नेस्ट आणि खुद्द ब्राउन यांनी २००१ मध्ये नोंदविले की, १९९०च्या दशकाच्या मध्यास तेथे बेलीचा पॉकेट माऊस हा नवा उंदीर आला आणि कांगारू उंदरांवाचून पडून राहिलेले बरेचसे अन्न वापरू लागला. अर्थात अन्नाचा वापर भरून निघाला म्हणजे गवतावरील परिणामही भरून निघाला, असे नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. तरीही अपरिहार्यता हा प्रजातीचा अंगभूत गुण, की आसपास कोणते शेजारी उपलब्ध आहेत यावर ती ठरते, हा प्रश्न उरतोच. पदवीसाठी केलेल्या दोन-तीन वर्षांच्या क्षेत्राभ्यासात हा आगंतुक बहुधा दिसलाच नसता.