‘द बुक ऑफ टी’ : चहागृहाबाहेरची तलवार

ओकाकुरा काकुझो यांचा ‘द बुक ऑफ टी’ (१९०६) जपानी सौंदर्यदृष्टीचे प्रमाणभूत विवेचन म्हणून वाचला जातो. तो मुळातच इंग्रजीत, पाश्चात्त्य वाचकाला उद्देशून लिहिलेला आहे, हे मात्र नजरेआड होते. इनाझो नितोबे यांच्या ‘बुशिदो’ने (१९००) सामुराईच्या नीतिधर्माची प्रतिमा पश्चिमेत रुजवली होती; रशिया-जपान युद्धाने (१९०४-०५) तिला बळ दिले. मृत्यूच्या या कलेसमोर ओकाकुरा चहाविधी ही जीवनाची कला म्हणून ठेवतात.

या द्वंद्वाचा आधार त्यांना चहागृहाच्या रचनेतच सापडतो. सामुराईने तलवार बाहेर ठेवावी आणि बुटक्या दारातून वाकून आत यावे. आत सारे समान. परंतु या विधीला घाट देणारा, साकाईच्या व्यापारी घराण्यातला सेन नो रिक्यू हा तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाच्या पदरी होता आणि १५९१ मध्ये त्याच्याच हुकमाने त्याला सेप्पुकू करावे लागले. ग्रंथाचा शेवट याच प्रसंगाने होतो. विषप्रयोगाची कुजबुज हे कारण सांगून ओकाकुरा अखेरचे चहापान आणि सस्मित मरण रंगवतात. दाइतोकुजी मंदिराच्या महाद्वारावर बसवलेला रिक्यूचा पुतळा आणि चहापात्रांच्या विक्रीतील नफा ही परंपरेने सांगितली जाणारी कारणे तेथे येत नाहीत. ती सामाजिक पायरी आणि पैसा यांच्याशी निगडित आहेत. त्यांच्या अभावी हुकूम पुसट होतो, उरते ती मरणाऱ्याची प्रसन्नता. जीवनकलेचा ग्रंथ अशा रीतीने सामुराईच्या मरणाशीच येऊन थांबतो आणि त्याने उभे केलेले द्वंद्व त्याच्याच संहितेत कोसळते.

भगिनी निवेदितांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालेल्या ‘द आयडियल्स ऑफ द ईस्ट’मध्ये (१९०३) ओकाकुरा एदोतील नगरजनांच्या उकियो-ए काष्ठमुद्राचित्रांचे रंग-रेखाकौशल्य मान्य करतात, पण त्यांत आदर्शवत्ता नाही असा निर्णय देतात. वस्तुतः १८०४ मध्ये याच हिदेयोशीला त्याच्या स्त्रियांसमवेत चित्रित केल्याबद्दल उतामारोच्या हातांत पन्नास दिवस बेड्या पडल्या. रिक्यूला आदर्शाचे स्थान मिळाले, उतामारोची परंपरा उणी ठरली. दोघांनाही शासन झाले ते सत्तेच्या प्रतिष्ठेपायी.

साम्राज्यवादी तुच्छतेला दिलेले उत्तर म्हणून ओकाकुरांच्या लेखनाचे मोल निर्विवाद आहे. मात्र त्यातील सौंदर्यतत्त्वाला राष्ट्राचा आत्मा मानले की त्या तत्त्वाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न तलवारीसारखाच चहागृहाबाहेर राहतो. समीक्षेने तो आत आणला पाहिजे.