‘मी’ नसलेली कविता : के रायन

आज आपण के रायन या अमेरिकन कवयित्रीकडे वळू. जन्म १९४५, कॅलिफोर्निया. तीसहून अधिक वर्षं त्यांनी तिथल्याच एका कम्युनिटी कॉलेजात कच्च्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवलं. पहिला संग्रह १९८३ मध्ये मित्रमंडळींच्या वर्गणीतून निघाला. २००८ मध्ये त्या देशाच्या पोएट लॉरिएट झाल्या, २०११ मध्ये पुलित्झर मिळालं.

त्यांची कविता अगदी चिंचोळी असते. ओळीत तीन-चार शब्द, आणि यमक शेवटी न येता मधेच कुठंतरी दडलेलं. ‘मी’ जवळपास नाहीच. असतं ते एखादं कासव, एखादी म्हण. मग ही कविता की नुसती बुद्धीची करामत? हा आक्षेप आपण टाळू नये. काही ठिकाणी यमक जुळतं आणि विचार तिथंच थांबतो. हाती उरतं ते सुभाषित.

पण कसोटी पुढं आहे. २००९ मध्ये त्यांच्या सहचरी कॅरल अडेअर कर्करोगानं गेल्या. २०१५ च्या ‘एरॅटिक फॅक्ट्स’ या संग्रहावर त्या वियोगाची छाया आहे, तरी विलाप नाही. इथं ‘मी’ नसणं म्हणजे कोरडेपणा नव्हे. ‘माझं दुःख’ म्हटलं की ऐकणारा सांत्वनाला येतो. ‘माझं’ गळलं की दुःख म्हणजे काय, याचा विचार त्यालाही करावा लागतो. रायन यांचं मोठेपण आपल्याला इथं दिसतं.

कविता मिळवून वाचा, पण मोठ्यानं. दडलेली यमकं कानालाच सापडतात.