ठसा एकाचा, ठपका जमातीचा

दक्षिणेचे पोलीसपट आपल्याकडे बरेच जण एकाच गोष्टीसाठी बघतात. हिरो येतो, बाह्या सरसावतो आणि पुढच्या पाच मिनिटांत वीस जण हवेत. एच. विनोद दिग्दर्शित ‘तीरन अधिकारम ओंड्रु’ (2017) हा त्याच दुकानातला माल आहे. यातही कार्ती एकटाच दहा जणांना लोळवतो. पण या सिनेमाचा जीव हाणामारीत नाही. तो फायलींमध्ये आहे, बोटांच्या ठशांमध्ये आहे, वर्षानुवर्षं वाट बघण्यात आहे. तपास म्हणजे मुळात किती कंटाळवाणं काम असतं, हे इतक्या थरारकपणे दाखवणारे भारतीय सिनेमे फार नाहीत. आणि तरीही या सिनेमात एक अशी खोट आहे जी मला त्याच्या सगळ्या गुणांपेक्षा जास्त काळ आठवत राहते.

आधी गोष्ट. हायवेला लागून असलेली, वस्तीपासून जरा सुटी घरं. रात्री एक टोळी येते, घरातल्या माणसांना अमानुषपणे मारते, दागिने नेते आणि नाहीशी होते. मागे फारसं काही उरत नाही. डीएसपी तीरन तिरुमारन या प्रकरणाच्या मागे लागतो. वरिष्ठांना रस नाही, पैसे नाहीत, माणसं नाहीत. पुढे एका सत्ताधारी आमदाराच्या घरावर हल्ला होतो आणि मग मात्र सगळं सरकार जागं होतं. हे काल्पनिक नाही. तमिळनाडूत 1990च्या दशकाच्या मध्यापासून असे दरोडे पडत होते. जानेवारी 2005 मध्ये गुम्मिडिपूंडीचे आमदार के. सुदर्शनम यांची त्यांच्या घरात हत्या झाली आणि एस. आर. जांगीड यांच्या नेतृत्वाखाली पोलिसांनी जी मोहीम चालवली, तिला ‘ऑपरेशन बावरिया’ म्हणून ओळखतात. सिनेमा त्यावर बेतलेला आहे. सामान्य माणसांची घरं लुटली जात होती तोवर फाईल टेबलावर पडून होती आणि आमदार गेल्यावर ती धावायला लागली, ही गोष्ट विनोद भाषण न देता सांगतो. हा सिनेमाचा पहिला मोठा गुण.

दुसरा गुण म्हणजे पुराव्याबद्दलचा आदर. टोळी ट्रकमधून येते. उत्तरेतून माल घेऊन यायचं, हायवेवर घर हेरायचं, काम करून परत जायचं. आपल्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हे चित्र लगेच कळतं. चाकणच्या चौकात किंवा तळेगाव रस्त्यावर रात्री अकराला उभं राहिलं तर राजस्थान, हरियाणा, यूपी, तमिळनाडू अशा सगळ्या पाट्यांचे ट्रक आणि कंटेनर रांगेत दिसतात. त्यातला एक शोधायचा असेल तर सुरुवात कुठून करणार? मोबाइलचं लोकेशन नाही, टोलनाक्यावर कॅमेरे नाहीत, राज्याराज्यांच्या पोलिसांच्या नोंदी एकमेकांशी जोडलेल्या नाहीत. तीरनच्या हातात आहे फक्त एक ठसा. तो घेऊन त्याचे लोक कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये बसतात. आज आपण एका क्वेरीत जे काम करतो ते इथे माणसं भिंगातून, डोळे फोडून करताना दिसतात. एखादा ठसा जुळतो तेव्हा थिएटरमध्ये टाळी पडावी असा तो क्षण आहे, आणि त्यात कुणी कुणाला एक थप्पडही मारलेली नाही.

जे हा सिनेमा हिंदी डबमध्ये बघतात त्यांच्या हातून एक गोष्ट निसटते. मूळ सिनेमात तमिळ पोलीस उत्तरेत जातात तेव्हा त्यांना भाषा येत नाही, रस्ते माहीत नाहीत, तिथले पोलीस त्यांना मोजत नाहीत. परक्या मुलखात गेलेल्या पथकाची ही अवघडलेली अवस्था हा अर्धा थरार आहे. डबमध्ये सगळेच हिंदी बोलतात आणि तो ताण विरून जातो. जमलं तर सबटायटल लावून मूळ तमिळच बघा.

तिसरा गुण तांत्रिक. जिब्रानचं पार्श्वसंगीत आणि सत्यन सूर्यनचं छायाचित्रण या दोघांनी मिळून वाळवंट असं उभं केलंय की तिथली धूळ नाकात जाते. पथक एका गावात आरोपी पकडायला शिरतं आणि अख्खं गाव त्यांच्यावर तुटून पडतं, तो रात्रीचा प्रसंग तंत्राच्या दृष्टीने अफाट आहे. या प्रसंगाकडे मी परत येणार आहे, कारण सिनेमाची खोटही तिथेच आहे.

किरकोळ दोष पटकन उरकतो. पहिल्या अर्ध्या तासातली प्रेमकथा आणि गाणी कुणीतरी निर्मात्याच्या आग्रहाखातर चिकटवल्यासारखी वाटतात. रकुल प्रीत सिंगच्या पात्राला आधी लाडिकपणा करायचा आणि मग नवऱ्याच्या रागाला कारण पुरवायचं, एवढंच काम आहे. कार्ती मात्र चांगला आहे. त्याच्या चेहऱ्यावर ‘मी हिरो’ कमी आणि ‘झोप झालेली नाही’ जास्त दिसतं. हे सगळं अशा सिनेमांमध्ये चालायचंच.

आता मोठा दोष. तपास पुढे सरकतो तसं पोलिसांच्या लक्षात येतं की टोळीतले लोक एका विशिष्ट भटक्या जमातीचे आहेत. सिनेमात जमातीचं नाव थोडं बदललं आहे, पण कुणालाही कळावं इतपतच. मग एक ॲनिमेशनचा तुकडा येतो. ही जमात कुठून आली, कशी लढवय्यी आणि शिकारी होती, हरल्यावर जंगलात कशी गेली आणि क्रूर कशी झाली, हा सगळा इतिहास दोन-चार मिनिटांत. तुकडा देखणा आहे, पण तो संपतो तेव्हा आपल्या नकळत एक अदलाबदल झालेली असते. आधी आपण काही खुनी माणसं शोधत होतो. आता आपण एक जमात शोधतोय.

‘टोळीतले सगळे या जमातीचे आहेत’ आणि ‘या जमातीतले सगळे टोळीचे आहेत’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यावरून दुसरं निघत नाही. हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही, शाळेतलं संचांचं प्रकरण पुरतं. सिनेमाचा तपासाचा अर्धा भाग पहिल्या वाक्यावर चालतो आणि ॲक्शनचा अर्धा भाग दुसऱ्यावर. म्हणूनच त्या गावाच्या प्रसंगात एकही माणूस निरपराध दिसत नाही. बायका, म्हातारे, सगळे एका सुरात धावून येतात. कॅमेरा कुणाच्याही चेहऱ्यावर थांबत नाही. अभिमन्यू सिंगचा ओमा हा खलनायक माणूस म्हणून नाही, जनावर म्हणून रंगवला आहे, आणि गाव म्हणजे त्याचा कळप. जो सिनेमा एका ठशासाठी वर्षं घालवतो, त्याला गाव दोषी ठरवायला एक रात्र पुरते.

या गोंधळाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. 1871 मध्ये ब्रिटिशांनी ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ केला. त्यामागचं तर्कशास्त्र थोडक्यात असं: इथे सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोरच होणार. म्हणून संपूर्ण जमातींची नोंद करायची, हजेरी घ्यायची, परवानगीशिवाय गाव सोडू द्यायचं नाही. बावरिया त्या यादीत होते. आपल्याकडचे पारधी होते. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अशा लोकांची वसाहत होती. त्या भागाला लोक ‘सेटलमेंट’ म्हणतात. तमिळ सिनेमाच्या मूळ मद्रास प्रांतात हा कायदा 1911 पासून लागू झाला, आणि त्याच कायद्याने नोंदलेल्या माणसांचे बोटांचे ठसे घेण्याची सोय केली. म्हणजे ज्या ठशाकडे सिनेमा सत्याचं साधन म्हणून बघतो, तो ठसा एके काळी गुन्हा घडायच्या आधीच, केवळ जन्मावरून घेतला जात होता. ‘तीरन’ला याच्याइतकी जवळची सामग्री दुसरी मिळाली नसती. त्याने ती वापरली नाही.

कायदा 1952 मध्ये रद्द झाला. म्हणून या जमाती ‘विमुक्त’. पण राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि पोलीस ठाण्यांची सवय कायम राहिली. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ ज्यांनी वाचलंय त्यांना ही सवय कशी असते ते वेगळं सांगायला नको. 2024च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावलींमधले जातीवर आधारलेले नियम रद्द करावे लागले, आणि त्यात विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदीही होत्या. 1952 ते 2024 मोजून बघा.

‘तीरन’ प्रदर्शित झाल्यावर तमिळनाडूतल्या विमुक्त जमातींच्या संघटनांनी ‘गुन्हेगार जमात’ या अर्थाच्या तमिळ शब्दावर हरकत घेतली आणि निर्मात्यांनी दिलगिरी व्यक्त केली. चांगलं झालं. पण शब्द काढला तरी ते गाव सिनेमात तसंच राहतं.

कुणी म्हणेल, अरे पिक्चर आहे, सोड ना. टोळी खरी होती, मेलेली माणसं खरी होती, पोलिसांचे कष्ट खरे होते. तिन्ही मान्य. त्या घरांमध्ये मारल्या गेलेल्या लोकांना न्याय मिळवून देणाऱ्या पोलिसांबद्दल मला आदरच आहे. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. सिनेमा संपल्यावर प्रेक्षकाच्या डोक्यात काय उरतं, त्याबद्दल आहे. आपल्याकडे एखाद्या सोसायटीत चोरी झाली की व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्या दहा मिनिटांत काय येतं आठवा. ‘बाहेरचे असणार.’ ‘पुलाखाली ते पाल ठोकून राहतात ना, त्यांना आधी हलवा.’ सीसीटीव्हीचं फुटेज कुणी नंतर बघतं.

आणि हे नेहमी ग्रुपवरच थांबत नाही. 1 जुलै 2018 रोजी, म्हणजे ‘तीरन’नंतर आठेक महिन्यांनी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाने ठेचून मारली. मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागायला आलेली माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. याचा ‘तीरन’शी काही संबंध नाही, राईनपाड्यात कुणी तो बघितला असेल असंही मला वाटत नाही. पण ‘फिरस्ते म्हणजे टोळी’ हे समीकरण दोन्हीकडे तेच आहे. एकीकडे त्यावर टाळ्या पडतात.

याच समाजांकडे बघण्याची दुसरी नजर आपल्या शहरातच आहे. चिंचवडगावात क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीचं ‘पुनरुत्थान समरसता गुरुकुलम’ पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त मुलांसाठी चालतं. ते उभं करणाऱ्या गिरीश प्रभुणेंना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्या संस्थेची विचारसरणी कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. मला त्यातला योगायोग महत्त्वाचा वाटतो. चापेकर बंधूंनी 1897 मध्ये रँडला मारलं. तेव्हाच्या पोलिसांच्या कागदांत ते खुनी आरोपी होते. आज त्यांच्याच नावाच्या संस्थेत ‘गुन्हेगार’ म्हणून नोंदवल्या गेलेल्या जमातींची मुलं शिकतात. पोलिसांच्या फायलीत लिहिलेलं माणसाबद्दलचं शेवटचं वाक्य नसतं, हे चिंचवडकरांना तरी कळायला हरकत नाही.

पोलीसपटात हे सगळं आणलं तर थरार मरतो, असं म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणं. ‘जय भीम’ (2021) तमिळच. त्यात वकील चंद्रूची भूमिका करणारा सूर्या हा कार्तीचा सख्खा भाऊ. सुरुवातीलाच तुरुंगातून सुटणाऱ्यांना दारात जात विचारली जाते आणि काही विशिष्ट जातीजमातींच्या लोकांना बाजूला काढतात, कारण जुनी न सुटलेली प्रकरणं कुणाच्या तरी नावावर टाकायची असतात. ‘तीरन’मधल्या ठशाच्या शोधाच्या बरोबर उलटी प्रक्रिया: आधी माणूस, मग गुन्हा. दुसरं, ‘दिल्ली क्राइम’चा दुसरा सीझन (2022). तिथेही रात्री घरात घुसून खून होतात, तिथेही वरून दबाव येतो आणि पोलीस विमुक्त जमातींच्या वस्तीतून माणसं उचलतात. पण मालिका हा प्रश्न तपासाच्या आत ठेवते: आपण पुरावा बघतोय की यादी? थरार तसूभरही कमी होत नाही, उलट वाढतो, कारण आता पोलीसही चुकू शकतात.

‘अधिकारम’ या तमिळ शब्दाचे दोन अर्थ आहेत, प्रकरण आणि सत्ता. ‘अधिकारम ओंड्रु’ म्हणजे पहिलं प्रकरण. विनोदने खरंच दुसरं प्रकरण केलं, तर माझी एकच मागणी आहे. हाणामारी ठेवा, ट्रक ठेवा, कार्तीही ठेवा. फक्त त्या गावात एक माणूस असा दाखवा ज्याचा ठसा जुळत नाही, आणि तीरन त्याचं काय करतो ते बघू द्या.

तोवर ‘तीरन’ जरूर बघा. तपास कसा दाखवावा याचा तो धडा आहे. गावाचा प्रसंग आला की मात्र थोडं मागे सरकून बसा.