निष्काळजीपणाच्या दाव्यांतील नुकसानभरपाई : गुणकपद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना

निष्काळजीपणामुळे हानी पोचलेल्या व्यक्तीस, पैशाने शक्य असेल तितपत, घटनेपूर्वीच्या स्थितीत आणून ठेवणे हे नुकसानभरपाईचे मूलतत्त्व होय. भारतात या तत्त्वाचा खरा कस मोटार अपघाताच्या दाव्यांत लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६८ नुसार न्यायाधिकरणाने न्याय्य भरपाई द्यावयाची असते. मात्र न्याय्य म्हणजे किती, हे ते कलम सांगत नाही. ही पोकळी न्यायालयांनी गुणकपद्धतीने भरून काढली. या पद्धतीने निर्णयांत एकरूपता आणली. समताही आणली काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

सूत्राची रचना

सरला वर्मा (२००९) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या वयानुसार १८ ते ५ असे गुणक आणि अवलंबितांच्या संख्येनुसार वैयक्तिक खर्चाची वजावट ठरवून दिली. पुढे प्रणय सेठी (२०१७) खटल्यात घटनापीठाने भावी उत्पन्नवाढीचे प्रमाण निश्चित केले. त्यानुसार चाळिशीच्या आतील कायम नोकरदाराच्या उत्पन्नात ५० टक्के, तर स्वयंरोजगारी किंवा ठरावीक वेतनावरील व्यक्तीच्या उत्पन्नात ४० टक्के भर घातली जाते. यामुळे न्यायाधीशागणिक बदलणाऱ्या आकड्यांना आळा बसला, हे मान्यच करावे लागेल.

समीक्षा

तीस वर्षांच्या दोन विवाहित मृतांचे काल्पनिक उदाहरण घेऊ. दोघांवरही चार जण अवलंबून आहेत. कायम नोकरदाराचे करोत्तर मासिक उत्पन्न ४०,००० रुपये आणि मजुराचे १०,००० रुपये आहे. भावी वाढ मिळवून, एकचतुर्थांश वजावट करून १७ चा गुणक लावल्यास पहिल्या कुटुंबास ९१,८०,००० रुपये, तर दुसऱ्यास २१,४२,००० रुपये मिळतात. उत्पन्नातील अंतर चौपट होते; भरपाईतील अंतर सुमारे ४.२९ पट झाले. म्हणजे सूत्र विषमता केवळ नोंदवत नाही, तर ती वाढवते.

यावर असा आक्षेप घेता येईल की भरपाई हे संपत्तीच्या फेरवाटपाचे साधन नव्हे. कुटुंबाने जे गमावले तेच त्याला मिळावे. चौपट अंतरापुरता हा युक्तिवाद ग्राह्य आहे. परंतु ५० आणि ४० टक्क्यांमधील भेदाचे समर्थन त्यातून होत नाही. कायम नोकरीतील वाढ अधिक निश्चित असते, हे त्यामागील गृहीतक आहे. प्रत्यक्षात किमान वेतनाचे दरही महागाईनुसार सुधारले जातात.

जेथे उत्पन्नच नाही तेथे सूत्राची मर्यादा अधिक स्पष्ट होते. जमशेदपूर येथील १९८९ च्या अग्निकांडासंबंधीच्या लता वाधवा (२००१) खटल्यात न्यायालयाने गृहिणीच्या सेवांचे मूल्य मासिक ३,००० रुपये धरले. अरुणकुमार अगरवाल (२०१०) खटल्यात जनगणनेने गृहिणींना भिकारी व कैद्यांच्या पंक्तीत बसविल्याबद्दल खंतही व्यक्त झाली. २०२१ मध्ये गृहिणीच्या काल्पनिक उत्पन्नासही भावी वाढ लागू झाली. ही प्रगती स्वागतार्ह आहे; तथापि मूळ आकडा अंदाजाचाच राहिला. पहाटेपासून राबणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचा हिशेब वेतनचिठ्ठीअभावी मांडता येत नाही, ही उणीव तिच्या श्रमात नसून मोजपट्टीत आहे.

निष्कर्ष

गुणकपद्धती टाकून द्यावी असे येथे सुचवावयाचे नाही. तिने दाव्यांना निश्चितता दिली आहे. मात्र दोन दुरुस्त्या आवश्यक वाटतात. भावी वाढीचे प्रमाण नोकरीच्या स्वरूपावर न ठेवता केवळ वयावर ठेवावे. तसेच उत्पन्नाचा पुरावा नसलेल्या मजुरासाठी व गृहिणीसाठी, वेळोवेळी सुधारला जाणारा किमान आधारआकडा कायद्यानेच ठरवावा. गुणाकार कितीही बिनचूक असला तरी गुण्य अन्याय्य असेल तर गुणाकारही अन्याय्यच ठरतो.